दुधाची टाकी

गायी विकल्या त्या हिवाळ्यात
तौनोनं टाकी तेवढी ठेवून घेतली.
कुहमोत दुपारी तीनलाच अंधार,
बाहेर उणे सत्तावीस.
गोठ्यातच त्यानं तिच्या पोटाला भोक पाडलं,
मोडक्या वॉशिंग मशीनचा हीटर बसवला.
रबरी वायसर दोनदा गळला,
तिसऱ्यांदा गप्प बसला.
जन्मभर दूध गार ठेवणारी ती
वाफा सोडू लागली.

धुण्याचा सोडा, चार मुठी. साठ अंश.
जाळीच्या टोपलीत ट्रॅक्टरचं हेड, व्हॉल्व्ह,
वीस वर्षांचं ग्रीस.
"ॲल्युमिनियम टाकू नकोस,"
इर्या दारातूनच म्हणाली.
गेल्या खेपेला कॉस्टिकमध्ये
कार्ब्युरेटर गेला होता
कॉफीत विसरलेल्या टोस्टासारखा.
तो हसला नाही. झाकण लावलं.

रात्री हीटर बंद केला.
सकाळी पाण्यावर काळी साय धरलेली.
जुनीच पळी घेऊन
त्यानं ती काठाकाठानं काढली,
हात न हलवता, पूर्वी काढायचा तशी.
खाली लोखंड राखाडी, उघडं,
नुकतंच न्हालेलं.

ते पुसता पुसता
साडेपाचला,
कुणी हंबरलं नसताना,
त्यानं दावणीकडे मान वळवली.