काळा कुठला

लिएपायात नोव्हेंबरचा दिवस चारच्या आतच आटोपतो.
बंदरावरचे दिवे लागतात
आणि वरच्या मजल्यावरचा माग थांबतो.
खट्, खट्, आणि मग नुसतं छत.

गेल्या मंगळवारी विझ्मा खाली आली,
मुठीत दोन धागे.
"इल्ग्वार्स, यातला काळा कुठला?"
एकवीस वर्षं मी गोदीत तारा ओळखल्या,
निळी न्यूट्रल, तपकिरी फेज,
झोपेतसुद्धा.
मला सांगता येईना.
"म्हणजे दोष माझ्या डोळ्यांचा नाही," ती म्हणाली,
आणि जवळजवळ खूश होऊन जिना चढली.

गोदी बंद झाली तेव्हा निरोपादाखल घड्याळ मिळालं.
हा खोका मी माझा मीच मिळवला:
भंगारात निघालेल्या केबिनींचे ड्रायव्हर,
अर्धं सोल्डर, एक मीटर ज्याचा काटा
शून्यावर यायला कंटाळतो.
पट्टी मात्र नवी आणली.
पाच मीटर, चोवीस व्होल्ट,
रंग खरे दाखवणारी, म्हणून महाग.

पहिला ड्रायव्हर निघाला बाराचा.
पट्टी ढिम्म,
झोपेचं सोंग घेतलेल्या माणसासारखी.
बरं, उलटं नव्हतं;
बाराच्या पट्टीला चोवीस पाजले असते
तर घटकाभर लख्ख,
आणि मग आठवडाभर जळका वास.

दुसऱ्यावर लिहिलेलं: सातशे मिलिअँपिअर.
हा प्रवाह घट्ट धरतो, दाब वाहील तसा वाहू देतो.
त्याला वेगळ्या घरचा दिवा लागतो.
वाईट नाही तो. इथला नाही.
पुन्हा खोक्यात.

तिसरा चोवीसचाच, साठ वॉटचा.
पट्टी मीटरला चौदा पूर्णांक चार खाते,
गुणिले पाच, बहात्तर.
हे मला येत होतं.
येत असूनही लावला, नवा घ्यायला जिवावर आलं म्हणून.
पेटली. विझली. पेटली. विझली.
नाकापेक्षा मोती जड.
"दीपगृह केलंस की रे," विझ्मा म्हणाली,
"आता एखादं जहाज येईल स्वयंपाकघरात."

मग शंभरचा विकत घेतला.
बहात्तरला शंभर कशाला, तिनं विचारलं.
म्हटलं, रोज शेवटच्या ताकदीवर राबणारा
लवकर जातो.
गोदीतल्या आंद्रिसचं तिला ठाऊक होतं.
तिनं पुढं विचारलं नाही.

पाचव्या मीटरपाशी उजेड जरा थकलेला दिसला.
तांबं बारीक, वाट लांब,
दाब वाटेतच सांडत जातो.
दुसऱ्या टोकालाही एक जोड तार ओढली,
स्टुलावर उभा राहून, तोंडात स्क्रू,
आणि ती खालून स्टूल धरून,
जणू स्टूलच पळून जाणार होतं.

बटण दाबलं.

मागावरची शाल उजळली.
भाचीच्या लग्नाची, महिन्याभराचं काम.
विझ्मा वाकली. बोट ठेवलं.
बोट सरकत गेलं, सरकत गेलं.
बाण्याच्या अठ्ठावीस ओळी,
काळ्याच्या जागी निळा.

"बंद कर," ती म्हणाली.
मी बंद केला.
अंधारात शाल पुन्हा बरोबर झाली.
आम्ही चहा प्यायलो, थंड, न बोलता.
मला वाटलं, माफी मागावी.
कशाची, ते सुचेना.

"किती तास चालतो हा?"
"ड्रायव्हर? हवे तेवढे."
"मग लाव."
आणि ड्रॉवरमधून तिनं बारीक कात्री काढली.

रात्री खाली पडून ऐकत होतो.
खट् नाही.
उसवण्याला आवाज नसतो.
फक्त जिन्याच्या भिंतीवर तिच्या दारातून उजेडाची फट,
न लुकलुकणारी.
ड्रायव्हरला एकदा हात लावून बघायला हवा होता,
कोमट आहे की गरम.
पण वर जायचं कसं, इतक्या रात्री.