खोली: अंदाजे

सातव्या रकान्यात विचारलंय: खोली.
मुराशिगे चष्मा कपाळावर सरकवतात.
"दोन पुरुष आणि वर एक कोपर."
मी लिहिते, तेरा फूट. अंदाजे.

हामाकुआचा किनारा. ऊस गेला, गिरणी गेली,
मजुरांची घरं तेवढी राहिली उतारावर
आणि प्रत्येक घरामागे
लाव्हाच्या दगडात पहारीने उकरलेला मैलाखड्डा.
तळाला ना फरशी ना गिलावा.
येईल ते गिळायचं,
पुढे कुठे जातं ते विचारायचं नाही.

आता कायदा विचारतो.
दोन हजार पन्नासच्या आत सगळे बुजवा.
"तेव्हा मी एकशे सात वर्षांचा," म्हातारा हसतो.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या संडासात हिरवा रंग ओतला होता.
चौथ्या दिवशी खाली,
पोरं कातळावरून ओपिही खरवडतात तिथल्या डबक्यात,
तो उगवला.
ते स्वतः काठी टेकत बघून आले.
वाद घातला नाही.
एवढंच म्हणाले, "म्हणजे वाट होती."

झाकणाचं विचारते. पत्रा चालत नाही,
काँक्रीट हवं, कुलूप हवं.
ते पत्रा उचलतात.
खाली उसाच्या गाडीचे रूळ, आडवे-उभे, डाग देऊन पक्के केलेले.
"नोबोरूनंतर बसवले."

अडुसष्ट साल. खड्डा उपसताना दोर तुटला.
बादली नवी, सव्वा डॉलरची.
धाकटा शिडीने उतरला.
अर्ध्यावरून म्हणाला, "दादा, वास येईनासा झाला बघ."
आणि जेवून डुलकी लागावी तसा खाली बसला.

आई धावत आली. एक पाय शिडीवर.
"मी तिला कमरेला धरलं. ती चावली."
मनगट पुढे करतात.
सुरकुत्यांत व्रण शोधावा लागतो.
"सोडलं नाही.
अकरा वर्षं ती मला 'जेव' म्हणाली नाही."

माझ्या पुस्तिकेत, पान चार:
आत पडलेल्याच्या मागे कोणीही उतरू नये.
दर आठवड्याला मी हे वाचते,
विमानातल्या सूचना वाचतात तसं, पुढचं पान चाळत.
आजही वाचावं लागलं.
त्यांनी मान हलवली.
"छापायला उशीर केलात, मिस मेडीरोस."

मग उपसा, मग खडी, मग माती, मग नवी टाकी:
अडतीस हजार डॉलर, अनुदान मिळालं तर निम्मे.
सगळं ऐकून घेतात.
"तळाशी त्याची एक चप्पल राहिलीय.
खडी टाकण्याआधी काही करायचं असतं का?"
मी फॉर्म उलटून बघते.
मागे नुसत्या सह्यांच्या जागा.

"आणि घराला खोल्या किती?"
"तीन."
मी दोनच मोजल्या होत्या. त्यांच्याकडे बघते.
ते पत्र्याकडे बघतात.

खोल्यांवर टाकीचं माप ठरतं.
तिसरी लिहिली तर चार हजार आणखी.
मी दोन लिहिते.
ते चष्मा खाली ओढून वाचतात,
थोडा वेळ घेतात,
सही करतात.