वर्णनात्मक नोंदी

दुसरीत अकरा, पहिलीत सात, खोली एकच.
मधल्या खांबाच्या अलीकडे इंग्रजी;
पलीकडे सात जण चिंचोक्यांनी वजाबाकी करतात
आणि कान इकडे ठेवतात.

फळ्यावर लिहिते : ब्लॅक.
खिडकीतून दाखवते टेकामांचा रेडा.
"अन् म्हैस असन त?" आरुषी विचारते.
ब्लॅकच.
"वगार?"
ब्लॅकच.
"कोंबडीचं पिलू?"
तेही ब्लॅक.
ती फळ्याकडे बघत राहते,
तोलून पाहावा तसा तो शब्द.
आपला शब्द समोर कोण आलं ते बघतो,
काळा होतो, काळी होतो, काळं होतो,
सरकून बसायला जागा देतो.
"हा लय ताठ हाय, मॅडम."
ताठ आहे खरा.
तेवढ्यात खांबापलीकडून,
ज्यानं बोलायचंच नव्हतं तो :
"लाल बी तसाच हाय ना.
लाल बैल, लाल गाय, लाल वासरू."

पंधरा वर्षं शिकवतेय.
लालकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

पुस्तकात पांढरा आहे तो बर्फ.
यांनी पाहिलेला बर्फ गोळेवाल्याचा,
तो लाल, नाहीतर हिरवा.
म्हणून मी कापूस घेतला, पांढरा म्हणजे व्हाइट,
तर प्रज्वल हात वर न करताच :
"कोणता कापूस? पयल्या वेच्याचा का फरदडीचा?
कवडी त पिवयी रायते."
मग व्हाइट, व्हाइटर, व्हाइटेस्ट
फरदडीपासून वर चढत शिकवलं.
एका दमात आलं सगळ्यांना.

स्वर आला की आधी अ‍ॅन, एवढंच सांगितलं होतं.
हिताक्षीनं वहीत लिहून आणलं :
अ‍ॅन आंबा, अ‍ॅन इळा, अ‍ॅन उंदीर.
नियम तिनं पाळला होता.
मी तिन्हींना बरोबरची खूण केली.
केंद्रप्रमुख येतील तेव्हा बघू.

हॅपी, सॅड, अँग्री. मग लकी.
आख्खा वर्ग वळला
दाराजवळ बसणाऱ्या लकी घोडामकडे.
तो उभा राहिला, चोरी सापडल्यासारखा.
"माहं नाव इंग्रजी हाय?"
कुणी ठेवलं रे?
"बसनं."
दिग्रसच्या दवाखान्यात नेता नेता
पाण्याच्या टाकीपाशी झाला तो,
दोन सीटांच्या मधे, अनोळखी बाईनं
शाल आडवी धरली तेव्हा.
काचेवर लिहिलेलं बापानं
एकेक अक्षर बघून तिकिटाच्या मागे उतरवलं.
"ट्रॅव्हल्स बी लिव्हलं होतं तिच्यावर.
ते नाही घेतलं."
मी अर्थ सांगितला. नशीबवान.
बसता बसता थांबला.
"मंग लकी मी, का बस?"

एप्रिल. पत्रा तडतडतोय.
मांडीवर अकरा प्रगतिपुस्तकं,
प्रत्येकात तोच रकाना : वर्णनात्मक नोंदी.
गेल्या वर्षी भराभर लिहून टाकलं होतं,
चांगला, बरी, प्रयत्नशील, चांगली,
बाजारात भाजी टाकावी तसं पिशवीत.
यंदा आरुषीपाशीच पेन अडलं.
म्हैस, वगार, पिलू,
एवढं सगळं मावायला रकाना अर्ध्या बोटाचा.
प्रज्वलपुढे 'गणित साधारण' लिहिलं,
आणि त्याला किती पांढरे ओळखता येतात
ते कुठे लिहायचं, सुचेना.
लकीपुढे लिहिलं : स्वतःहून प्रश्न विचारतो.
उत्तर मी अजून दिलेलं नाही.

दुपारची गाडी फाट्यावर हॉर्न देते.
अकराचे अकरा खिडकीत, खांबापलीकडचे सातही,
एकमेकांच्या खांद्यावरून, धुळीतून वाचतात :
सु-पर. फा-स्ट.
गाडी एका बाजूला कललेली,
मागचं दार दोरीनं बांधलेलं.

"मॅडम," लकी मान न वळवता विचारतो,
"हे दोन्ही शब्द
ह्याच बसचे हायत का?"