नऊ वीस

पस्तीस डॉलरचा.
सोबत चार्जर, पट्ट्याला अडकवायची क्लिप,
बोटभर रबरी अँटेना
आणि एक पुस्तिका, जिच्यातलं इंग्रजी
माझ्या फिनिश आजोबांच्या इंग्रजीसारखं:
क्रियापदं बोटीतच विसरून आलेलं.

दोन बँड. एक दोन मीटरचा, एक सत्तर सेंटिमीटरचा.
हार्डवेअरच्या दुकानात ऑर्व्हो म्हणाला, खेळणं आहे,
एकदा पडलं की संपलं.
असेल. मी एकतीस वर्षं रस्त्यांवरचा बर्फ लोटला,
पडलो एकदाच,
निवृत्तीच्या पार्टीत.

कळ फिरवली की आतून एक बाई बोलते.
"चॅनल मोड," म्हणते. "फ्रीक्वेन्सी मोड."
चिनी बाई, स्वच्छ गळ्याची,
स्टेशनवर कुणाला निरोप द्यावा तशी.
मेनू चौदात जाऊन तिला गप्प करता येतं.
केलं नाही.
सिर्का गेल्यापासून या स्वयंपाकघरात
दुसरी बाई बोललेली नाही.
गेली म्हणजे ॲरिझोनाला. बहिणीकडे. उन्हात.

परीक्षा टाउनशिप हॉलमध्ये झाली.
पस्तीस प्रश्न, दोन चुकले.
सरकारने एक नवं नाव दिलं,
पाच अक्षरं नि एक आकडा,
त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती,
मीसुद्धा नाही.

टेकडीवर, बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीच्या मनोऱ्यावर
रिपीटर आहे. माझे पाच वॅट
तो उचलतो आणि तीन गावांवर ओततो,
आवाजाखाली एक बारीक सूर लपवून न्यावा लागतो,
किल्लीसारखा. नाहीतर
तो तुम्हाला ओळखच देत नाही.

मंगळवारी तिथे आठ-नऊ जण जमतात.
वाय्नो त्याच्या बॅटरीबद्दल बोलतो.
कुणाचा तरी गुडघा. सुपीरियरच्या काठाशी
बर्फ किती इंच, त्यावर ट्रक न्यावा की नाही.
मी भांडी विसळत ऐकायचो.
अंगठा बटणावर, तोंडात पाणी भरल्यासारखा.

जानेवारीत एकदा, नऊ वीसला,
नुसतं बटण दाबलं. सोडलं.
टेकडीने उत्तर दिलं: एक बीप,
आणि तिच्यामागे दीड सेकंद खरखर,
दार उघडून कुणी अंधारात बघत राहावं तशी.
मग बंद.
मग रोज.

नियमात बसत नाही हे.
चुकलेल्या दोन प्रश्नांत
हा प्रश्न नव्हता.

मार्चमध्ये दोन रात्री तापाने पडून होतो.
तिसऱ्या रात्री दाबलं, सोडलं,
बीप, खरखर,
आणि खरखर मिटायच्या आत एक आवाज.
म्हातारा, बाईचा, चिडलेला:

"कोण रे तो, रोज दार वाजवून पळणारा?
परवा आला नाहीस. काल आला नाहीस.
मी इथे नऊ वीसला कॉफी ओतून बसते.
जिवंत असशील तर नाव सांग.
नसशील, तर तेही सांग."

बाहेर माझ्या जुन्या रस्त्यावर
कुणा नव्या पोराची गाडी चालली होती,
पातं जरा जास्तच तिरकं धरून.
ती वळणापार जाईपर्यंत मी थांबलो,
जणू तिचाच अडथळा होता.

मग दाबलं. क्षणभर गप्प राहिलो,
वाय्नो सांगतो तसा,
पहिला शब्द टेकडी गिळते म्हणून.
पाच अक्षरं, एक आकडा.
आणि मग: रेइनो. पिवळं घर, गिरणीच्या पुढचं.
ताप होता.

बीप. खरखर.

"बर्फाच्या गाडीचा रेइनो?" ती म्हणाली.
"मी हेल्मी. माझी पत्रपेटी पाडलीस तू.
दोनदा."

बॅटरीची एकच काडी उरली होती.
तिसऱ्या वेळचं तिला माहीत नव्हतं.
सांगायला घेतलं.