न वाजवलेली शिट्टी

आठवडाभर मासळीच्या कारखान्यात
कॉड तोलतो मी.
काटा थरथरतो, थांबतो, मग बोलतो.
शनिवारी क्लाक्सविकच्या मैदानावर
बारा वर्षांखालच्या मुली,
आणि काट्याच्या जागी माझे दोन डोळे
(उजव्यात मोतीबिंदू आहे; इथे कुणाला सांगू नका).

नियम तसा सोपा.
फाउल झाला, पण चेंडू त्यांच्याच पायात राहिला
आणि वाट मोकळी आहे,
तर खेळ थांबवू नका.
दोन्ही हात पुढे करा,
दारात कुणाला 'आधी तुम्ही' म्हणावं तसे.
दोन-तीन सेकंद पाहा.
फायदा पदरात पडला नाही, तर मागे या, शिट्टी मारा.

दोन-तीन सेकंद!
खाडीवरून वारा सुटला की
तेवढ्यात चेंडू दोनदा मत बदलतो.

आज रान्वा पडली.
मार्युन उशिरा पोचली, एवढंच;
बूट चेंडूऐवजी घोट्यावर.
शिट्टी दातांत होती, छातीत श्वास भरलेला.
आणि चेंडू घरंगळत निघाला
बाइन्ताच्या वाटेत.
पुढे एकटी गोलकीपर,
मोठ्या बहिणीचे हातमोजे घातलेली.
मी श्वास गिळला.
हात पुढे.
"खेळा!"

गोल.

पत्र्याच्या आडोशाला थर्मास सांडले.
सगळ्या बाइन्तावर तुटून पडल्या,
आणि मधल्या वर्तुळाजवळ रान्वा
मोज्यातले रबराचे काळे कण झटकत बसलेली.
गोलकडे पाठ. नजर माझ्यावर.

"तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं. म्हणून तर थांबवलं नाही."

हे वाक्य मी वीस वर्षं म्हणत आलोय.
तिच्या अकरा वर्षांच्या तोंडासमोर
पहिल्यांदाच ते मला खोटं वाटलं.
नियमाप्रमाणे खरं, तरीही.
फायदा संघाचा झाला होता,
घोटा तिचा होता.
तिला फ्री किक नकोच होती बहुतेक.
एका मोठ्या माणसानं
सगळ्यांदेखत म्हणायला हवं होतं:
लागलं तुला. माझ्यासमोर लागलं.

मी मार्युनला दोन शब्द सुनावले,
रान्वाला हात देऊन उठवलं.
ती लंगडली, पण बदली नको म्हणाली.

उत्तरार्धात मार्युनचाच शर्ट कुणी ओढला.
ती तोल सावरून पळत राहिली.
मी हात पुढे केले आणि ओरडलो,
पुस्तकात नसलेलं:
"पाहिलं, सहा नंबर, पाहिलं! खेळा!"
वाऱ्यानं चेंडू उचलून रेषेबाहेर नेला.
एक. दोन. शिट्टी.

"आधी हो, मग नाही!"
बाइन्ताचा आजोबा दौन्याल कडाडला.
"घरी बायकोशीही असंच बोलतोस का?"
लोक हसले. मीही.
बायको जाऊन चार वर्षं झाली,
हे त्याला ठाऊक आहे; वाऱ्यात विसरला असेल.

तिच्याशी मी बोलायचो कमी.
दिसायचं सगळं.
वाटायचं, चाललंय ना, कशाला थांबवा.

अहवालात दोन गोल लिहिले, वेळ लिहिली.
न वाजवलेल्या शिट्टीला रकाना नसतो.

गाड्या निघाल्या तेव्हा
मागच्या सीटवरून रान्वानं
घोटा उचलून काचेला लावला, निळा पडलेला.
मी रस्त्यातच उभा राहून
दोन्ही हात पुढे केले.
हसली की नाही कोण जाणे,
काचेवर धुकं होतं.