वितळणे, विरघळणे

कोल्चानीच्या शाळेत आज बावीस पेपर तपासले.
रुफिनोने लिहिलंय : पावसात मीठ वितळतं.
लाल पेन टेकवलं, उचललं.

त्याची आई कासिल्दा मिठाच्या पिशव्या बंद करते.
गॅसच्या निळ्या जिभेवरून पिशवीचं तोंड फिरवायचं,
चिमटीत दाबायचं.
प्लास्टिक वितळतं, स्वतःलाच चिकटतं,
आतलं मीठ कोरडं ठणठणीत.
अशा रोज हजारेक पिशव्या.
ओळखपत्र काढायला गेली तेव्हा
यंत्राला तिचे ठसेच सापडेनात.

मीठ वितळवायला आठशे अंश लागतात, रुफिनो.
एवढी आग अख्ख्या गावात नाही.

आणि विरघळवायला?
जानेवारीत बघतोसच तू.
नजर पोचेल तिथवरचा पांढरा सालार
बोटभर पाण्याखाली जातो,
ना धूर, ना आवाज.
मिठाच्या विटांची तुमची भिंत
खालच्या दोन थरांत दरवर्षी थोडी वाळते,
मामा ओलं मीठ थापून ती पुन्हा जाड करतो.

वितळणाऱ्याला सोबत लागत नाही.
तापला की ओघळतो, निवला की पुन्हा तोच,
फार तर आकार वेगळा.
विरघळायला मात्र दुसरं कुणी हवं,
आणि मग ह्यातलं कोण कुठे संपलं
हे डोळ्यांना कळत नाही,
जिभेला विचारावं लागतं.

हे सगळं मी फळ्यावर लिहिलं होतं.
रुफिनो तेव्हा खिडकीबाहेर बघत होता,
रुळांकडे, जे चिलीला जातात.
त्याचा बाप एलेउतेरियो तिकडे कलामात
तांब्याच्या भट्टीवर आहे. होता.
पहिल्या वर्षी पैसे यायचे, दुसऱ्या वर्षी फोन.
पालकसभेत कासिल्दा म्हणाली,
भट्टीचं काय घेऊन बसलात, बाई,
माणूस शहरात विरघळला माझा.
शब्द अचूक वापरला तिने.
वर्गात कुणालाच जमला नव्हता.

तर अर्धा गुण कापला.
पुढचा प्रश्न : विरघळलेलं मीठ परत कसं मिळवाल?
उत्तर : पाणी उडून गेलं की मीठ खाली उरतं.
बरोबर. दोन पैकी दोन.

त्याखाली पेन्सिलने, खोडून पुन्हा लिहिलेलं :
पण किती दिवसांनी?

एप्रिलपर्यंत, लिहिणार होते मी,
वारा असेल तर आधीच.
पेनाचं टोपण लावलं.
बाहेर कुणीतरी ट्रकमध्ये
पिशव्या मोजून टाकत होतं.