करवतीचं दुसरं टोक

सहा आठवड्यांनी तिला आणायला निघालो,
बॉइसीपासून स्टॅन्लीपर्यंत तीन तासांची वळणं,
मागच्या सीटवर जुनी चादर
आणि तिच्या आईने दिलेला दडप्या पोह्यांचा डबा.

मे महिन्यात कडाक्याचं भांडण झालं होतं.
तासाला तेरा डॉलरवर, सोळाव्या वर्षी,
पायवाटेवर पडलेली झाडं कापायला कुणी जातं का?
मी कोडिंग शिबिराचं पत्रक पुढे सरकवलं,
शाल्मलीने त्याच्या पाठीवर
बुटांचं माप लिहून ते मला परत दिलं.

मी चिपच्या कारखान्यात असतो.
नखशिखांत पांढरा झगा, हातमोज्यांवर हातमोजे,
आत शिरण्याआधी अंगावर वाऱ्याचे झोत.
धुळीचा एक कण आमच्याकडे
पंचनाम्याचा विषय होतो.

आणि ही समोरून आली:
कानांत माती, भुवयांत माती,
नखांत राळ, नडगीवर पिवळं पडत चाललेलं काळंनिळं.
"बाबा, मिठी नको, मी घाण आहे," म्हणाली
आणि मारलीच.

त्यांची मुकादम मार्जीन, साठी उलटलेली,
सूर्यफुलाच्या बिया दाताने फोडत म्हणाली,
वर रानात इंजिनाला कायद्याने बंदी आहे,
म्हणून ही दोघांची करवत, माझ्याहून म्हातारी.
तुमची मुलगी आणि कोल्टर, दोघांनी मिळून
चारशे बारा ओंडके.

कोल्टर सकाळीच घरी गेला होता, गवत कापणीला.
एक मूठ रिकामी होती.

"धर ना बाबा."
धरली. आणि जोर लावला,
जसा आजवर लावत आलो, पुढच्या दिशेला.
पातं मध्येच वाकलं, थरथरलं,
टँग असा एक हसल्यासारखा आवाज केला
आणि अडकलं.

"ढकलू नकोस. नुसतं ओढ.
तुझं झालं की हात सैल सोड,
मग माझं मी ओढते."

पुन्हा. ओढ. सोड. ओढ.
"कोल्टरला हाच शब्द शिकवलाय," ती म्हणाली,
"तो ओड म्हणतो, ढ येत नाही त्याला."
त्या शब्दाचा दुसरा अर्थ
तिने त्याला सांगितलाय का,
मी विचारलं नाही. दम लागला होता.

भुसा पडेल असं वाटलं होतं,
पडल्या शेवया.
लांब, ओलसर, न तुटलेल्या,
माझ्या बुटांवर त्यांचा ढीग होत गेला.
"धार बरोबर असली की अशाच पडतात,"
हे तिने मला सांगितलं, मी तिला नाही.

परतताना पोहे खाल्ले तिने, हात न धुता,
आणि तोंडात घास ठेवून सांगत सुटली:
जुलैत पडलेल्या गारा,
टोपी खाणारं खेचर,
अस्वलापासून लपवायला झाडावर टांगलेलं पीठ.
चौथ्या रात्री तळ्याकाठी खूप रडले, म्हणाली.
तुला फोन लावत होते, रेंजच नव्हती.
मग थोडा वेळ नदीकडे बघून:
बरं झालं नव्हती ते.

मी वळणाकडे लक्ष दिलं.
वळण नव्हतं तिथे.

लोमनच्या पुढे ती झोपली, तोंड उघडं टाकून,
तिसरीत असताना झोपायची तशी नाही,
दिवसभर राबलेल्या माणसासारखी.
आरशात मागे डोंगरांची रांग दिसत होती,
तिचं नावच करवतीच्या दातांवरून पडलंय.
इतकी वर्षं मी त्यांचे फोटो काढत होतो.

सोमवारी पुन्हा पांढरा झगा.
वाऱ्याचे झोत अंगावरून गेले,
दिवा हिरवा झाला, दार उघडलं.
डाव्या अंगठ्यात, दोन हातमोज्यांच्या खाली,
पाईनचं एक कुसळ ठसठसत होतं.
कुणाला बोललो नाही.
आत गेलो.